शाळेतून आलेला फोन

दुकानात गिऱ्हाईक उभे असताना शाळेतून फोन आला, की व्यापारी वडिलांच्या मनात ओळीने तीन शंका येतात. फी भरायची राहिली असावी, मुलाने काही मोडतोड केली असावी, किंवा त्याला खेळताना लागले असावे. पलीकडून ‘मी शाळेची समुपदेशक बोलते आहे’ असे शब्द आले, की चौथी शंका उभी राहते आणि ती पहिल्या तिन्हींपेक्षा जड असते. मुलाच्या डोक्यात काही बिघाड तर नसेल? हे बाहेर कळले तर? घरात मोठ्या मुलीच्या लग्नाचे पाहणे चालू आहे. मग उत्तर मिळते, ‘मॅडम, आत्ता सीझन आहे, मुलाच्या आईला पाठवतो.’ आई येते, सारे ऐकून घेते आणि घरी जाऊन त्यातले निम्मेच सांगते. उरलेले निम्मे सांगण्याची सोय त्या घरात नसते.

मुलाशी बोलणे हे समुपदेशकाचे अर्धेच काम होय. मूल त्याच्या खोलीत आठवड्यातून फार तर तासभर असते. बाकीचा काळ ते आई-वडील, आजी-आजोबा, काका-काकू यांच्यात वावरते. त्या घराचे सहकार्य नसेल तर खोलीत झालेले बोलणे दारापाशीच विरते. हे नाते अडचण उद्भवल्यावर जोडायला घेतले, तर उशीर झालेला असतो. व्यापाऱ्याला हे निराळे समजावण्याची गरज नाही. बाजारात पत आधी कमवावी लागते, उधारी मागण्याची वेळ नंतर येते. म्हणून जाणते समुपदेशक घरी पहिला फोन तक्रारीसाठी करीत नाहीत. वर्ष सुरू होताच ते ओळखीपुरते बोलतात. डबा विसरलेल्या मित्राला मुलाने आपल्यातले अर्धे जेवण दिले, एवढे सांगण्यासाठीही फोन करतात. पुढे दिवाळीनंतर काही कठीण सांगायची वेळ आली, तर तो आवाज त्या घराला परका वाटत नाही.

समाजाने मुलांच्या मार्गदर्शनासाठी पैसा आणि माणसे उभी करावीत, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू झाले, आणि १९४७ साली पारशी पंचायतीने आपल्या विश्वस्त निधीतून असेच केंद्र काढले. दुसऱ्या एका व्यापारी समाजाने स्वतःच्या मुलांसाठी केलेली ही तरतूद होती. शाळांतून मार्गदर्शनाची सोय असावी, ही शिफारस १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही केली. पुढे दीर्घकाळ हा विषय कागदावरच राहिला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि पालकांसाठीही नियमित जागृतीचे कार्यक्रम व्हावेत, असे त्यांत म्हटले आहे. पदे भरली जातील. घराची दारे मात्र न्यायालयाच्या आदेशाने उघडत नाहीत.

एकत्र कुटुंबात ‘पालक’ कोण, हाही प्रश्नच असतो. प्रगतिपुस्तकावर सही वडिलांची असते, सभेला आई येते, आणि निर्णय गादीवर बसलेले आजोबा घेतात. शाळेच्या नोंदवहीत दोनच नावांची जागा असल्याने बाकीचे घर तिला दिसत नाही. अनुभवी समुपदेशिका मुलालाच विचारते, ‘घरात तुझे म्हणणे पुरते कोण ऐकून घेते?’ उत्तर पुष्कळदा अनपेक्षित असते. कधी काकू, कधी माहेरी आलेली आत्या, कधी दुकानातले जुने मुनीम. आई-वडिलांच्या संमतीने त्या व्यक्तीलाही बोलावले, तर दोन महिने अडलेले काम एका भेटीत पुढे सरकते. आजोबांना मात्र वगळून चालत नाही. त्यांना ‘आपला सल्ला हवा आहे’ असे म्हणून बोलावले, तर ते येतात; ‘आपल्या नातवाबद्दल बोलायचे आहे’ असे म्हटले, तर मुलाच्या आईला रागावतात.

वेळेचे भानही यातच आले. सायंकाळी साडेसहाची पालकसभा ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते त्यांना अडचणीची ठरते. वह्या-पुस्तकांच्या व्यापाऱ्याला जून महिन्यात आणि सराफाला धनत्रयोदशीच्या आठवड्यात बोलावणे म्हणजे न येण्याचेच आमंत्रण. बाजार बंद असतो त्या वारी सकाळी वीस मिनिटे मागितली, तर तेच वडील वेळेआधी हजर होतात. शाळेचे पत्र इंग्रजीत आणि घर मराठी वा मारवाडी बोलणारे, हा अडथळा तर इतका उघड आहे की तो अजून टिकून कसा, याचे नवल वाटावे.

या नात्याची खरी कसोटी लागते ती अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत. प्रसंग अनेक शाळांत थोड्याफार फरकाने असाच घडतो. सातवी-आठवीतला मुलगा. गल्ल्यावर बसला तर तेरा वस्तूंचा हिशेब तोंडी करतो, गिऱ्हाइकाला पटवतो, मागच्या महिन्याचा भाव लक्षात ठेवतो. वहीत मात्र अक्षरे उलटसुलट, शुद्धलेखनात लाल शेऱ्यांची रांग, आणि वाचायला उभे केले की वर्गात हशा. शिक्षक त्याला आळशी म्हणतात. घर म्हणते, ‘शेवटी गादीच सांभाळायची आहे, दहावी झाली म्हणजे पुरे.’ त्या हशाने मुलाच्या आत काय होते, याचा जमाखर्च कोणत्याच वहीत नसतो. हळूहळू सकाळी पोट दुखू लागते, शाळा बुडू लागते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर शालान्त परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. हे सारे समुपदेशिकेला पाठ असते, आणि नवखी समुपदेशिका नेमकी तेथेच चुकते. ती पहिल्याच भेटीत अर्ज पुढे सरकवते. त्यावरचा ‘दिव्यांग’ हा एक शब्द वडील वाचतात, पुढचे काही त्यांच्या कानांत शिरत नाही, आणि ते घर पुन्हा शाळेची पायरी चढत नाही.

जाणती समुपदेशिका अर्ज टेबलाच्या खणातच ठेवते. ‘दुकानात तो काय काय करतो?’ एवढेच विचारते. वडील सुरुवातीला जपून, मग भरभरून सांगू लागतात. दिवाळीत एकट्याने काउंटर कसा सांभाळला, खोटी नोट कशी ओळखली. पुरते ऐकून झाल्यावर ती मुलाची वही उघडते. ‘हाच मुलगा हे लिहितो. ज्याची स्मरणशक्ती एवढी तल्लख, त्याला ‘पुस्तक’ हा शब्द दर वेळी निराळा का दिसावा?’ आता प्रश्न वडिलांचाही होतो. तपासणीची गोष्ट दुसऱ्या भेटीत निघते, प्रमाणपत्राची तिसऱ्या. एखाद्या घरी हे तीन आठवड्यांत होते, एखाद्या घरी वर्ष जाते. आणि ते वर्ष दहावीचे असेल तर मुलाचे नुकसान होते, कारण सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षेआधी मुदतीत जावा लागतो. म्हणूनच ओळख पाचवी-सहावीत झालेली बरी.

आणि गुप्तता. मुलाने खोलीत काय सांगितले, हे जाणण्याचा हक्क आपल्याला आहे असे वडिलांना वाटते, आणि ते अगदीच अस्वाभाविक नाही. पण मुलाचा प्रत्येक शब्द घरी पोहोचू लागला, तर मूल बोलणे थांबवते आणि घरालाही काही कळेनासे होते. एका पेढीचा भाव दुसरीला सांगणाऱ्या दलालाकडे कोणी दुसऱ्यांदा जात नाही. यासाठी पहिल्याच भेटीत, मुलाच्या समोर, हद्द ठरवून घ्यावी लागते. मैत्री, रुसवे, मार्कांची भीती हे मुलाच्या परवानगीवाचून बाहेर जाणार नाही. जिवाला धोका असेल तर घराला तत्काळ कळवले जाईल. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेथे ‘घरातली गोष्ट घरातच मिटवू’ ही विनंती कोणालाही मान्य करता येत नाही. हे आधी सांगितलेले असले, तर नंतर विश्वासघाताचा आरोप होत नाही.

समुपदेशिका त्याच समाजातली असली तर पेच आणखी वाढतो. भाषा, रीतिभाती समजतात, पण हीच बाई उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसेल, ही धास्ती घराला असते. अशा वेळी काहीजणी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, ‘बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, आपण बोललात तर बोलेन, तेही साडीचोळीबद्दल.’ या एका वाक्याने आलेला हलकेपणा समोरच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो.

शाळा बंद असते तेव्हा, रात्री-अपरात्री, मुलाचे वागणे पाहून घर घाबरले तर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. घरोघरी फ्रिजवर गॅस एजन्सीचा क्रमांक चिकटवलेला असतो. त्याच्या शेजारी हाही मावतो. आणि येत्या जूनमध्ये वह्या-गणवेशाची खरेदी करताना शाळेच्या कार्यालयात एवढे विचारून ठेवावे : आपल्या मुलाच्या वर्गासाठी समुपदेशक कोण आहेत, कोणत्या वारी असतात आणि त्यांना भेटायचे तर वेळ कशी घ्यायची. चौकशी दोन मिनिटांची आहे, दुकानात बसून फोनवरही होते.