ती आपल्याला घाबरत नाहीत : गॅलापागोसची बोटसफर आणि पाहणाऱ्याची जबाबदारी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून प्रवासवर्णन कधीपासून?’ तर प्रवासवर्णन करायचं नाहीये. मला एक साधा प्रश्न तुमच्यापुढं ठेवायचा आहे. नुसतं पाहणं निरुपद्रवी असतं का? आपण काही घेतलं नाही, तोडलं नाही, मारलं नाही, फक्त पाहिलं, तर आपला हिशेब कोरा राहतो का? हा प्रश्न ज्या ठिकाणी उघड्यावर येतो, ते ठिकाण म्हणजे गॅलापागोस बेटं. तिथं आम्ही दोघं आठ दिवस एका लहान बोटीवर होतो.

आधी जागा समजून घेऊ. ही बेटं प्रशांत महासागरात, विषुववृत्तावर, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साधारण १००० किलोमीटर पश्चिमेला आहेत. देश इक्वेडोर. बेटं ज्वालामुखीतून वर आलेली. समुद्रतळाखाली एका जागी पृथ्वीच्या पोटातली उष्णता सतत वर येत असते आणि तिच्यावरून समुद्रतळाचं कवच हळूहळू पूर्वेकडं सरकत असतं. चूल जागच्या जागी आणि वरचा तवा सरकतोय, असं समजा. चुलीवर असतं ते तरुण बेट, सरकून पुढं गेलेलं ते म्हातारं. म्हणून पश्चिमेचं फर्नांडिना अजून धगधगतंय, २०२४ च्या मार्चमध्ये तिथं उद्रेक झाला. आणि पूर्वेचं एस्पान्योला झिजून सपाट झालंय. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच एका चुलीवर ओतला गेला, असं भूशास्त्रज्ञ मानतात. फर्नांडिनाचा काळा, वळ्या पडलेला लाव्हा पाहताना मला तो परका वाटला नाही तो त्यामुळंच.

आता मुद्द्याची गोष्ट. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. जे आलं ते उडत आलं, पोहत आलं किंवा ओंडक्यावर वाहत आलं. पक्षी आले, सरपटणारे प्राणी आले. लांडगा, बिबळ्या, कोल्हा असं काही पोचलंच नाही. जमिनीवरून दबकत येणारा मोठा शिकारी लाखो वर्षं तिथं नव्हता, म्हणून त्याची भीतीही तयार झाली नाही. पाणकावळ्याची एक जात तर उडणंच विसरली. आखूड, विरळ पंख वाळवत तो खडकावर बसलेला असतो आणि तुम्ही समोरून गेलात तरी मान वळवत नाही.

अशा ठिकाणी माणसाला न्यायचं कसं? जवळजवळ ९७ टक्के जमीन १९५९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं मुक्काम करता येत नाही, म्हणून बोट. रात्री बोट एका बेटाकडून दुसऱ्याकडं जाते, सकाळी रबरी होडीनं किनाऱ्यावर सोडतात. उतरणं दोन प्रकारचं, कोरडं आणि ओलं. कोरडं म्हणजे खडकावर पाय, ओलं म्हणजे गुडघाभर पाण्यात. सोळा माणसांमागं एक परवानाधारक मार्गदर्शक असलाच पाहिजे. आखलेली वाट सोडायची नाही. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर. फ्लॅश नाही. एका बेटाची वाळू बुटाला लागून दुसऱ्या बेटावर जाऊ नये, म्हणून पाय धुऊनच बोटीवर यायचं. एकाच जागी तीच बोट चौदा दिवसांच्या आत पुन्हा येत नाही. पहिल्या दिवशी मला हे सगळं सरकारी कटकटीसारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एस्पान्योलावर गार्डनर बे म्हणून पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. तिथं सी लायन, म्हणजे समुद्रसिंह, ओळीनं झोपलेले असतात. मी एका जागी शांत उभा होतो. एक पिल्लू सरपटत आलं आणि माझा बूट हुंगायला लागलं. मला अर्थातच धन्य वाटलं. एवढ्यात मार्गदर्शक म्हणाला, ‘सर, मागं सरका.’ मी म्हटलं, ‘अहो, मी हललोसुद्धा नाही. तेच आलं.’ तो म्हणाला, ‘बरोबर आहे. पण नियम त्याला नाही, तुम्हाला आहे.’

मी मागं सरकलो. पण ते वाक्य सबंध सफरभर डोक्यात राहिलं.

आपण भिगवणला होडीतून रोहित पक्षी पाहायला जातो, तेव्हा काय होतं? होडी फार जवळ गेली की थवा उडतो. म्हणजे अंतर पक्षी ठरवतो आणि त्याची भीती आपल्याला आवर घालते. गॅलापागोसमध्ये समोरच्याकडं भीतीच नाही, म्हणून अंतर राखण्याचं सगळं काम पाहणाऱ्यावर येऊन पडतं.

१८३५ मध्ये डार्विन इथं आला, पाचएक आठवडे होता. त्यानं लिहून ठेवलंय की फांदीवर बसलेल्या एका ससाण्याला त्यानं बंदुकीच्या नळीनं ढकललं. फ्लोरियाना बेटावर वस्ती होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तिथं त्याला विहिरीपाशी बसलेला एक मुलगा दिसला, हातात छडी. पाणी प्यायला आलेले होले आणि फिंच पक्षी तो छडीनं मारत होता. शेजारी जेवणापुरता ढीग झाला होता आणि पक्षी तरीही येतच होते. डार्विनचा निष्कर्ष असा, की माणसाची भीती एका पक्ष्याच्या आयुष्यात पुरती शिकून होत नाही, ती पिढ्यांमधून उतरत जाते.

मग या न घाबरण्याला काय म्हणायचं? पर्यटक म्हणतात, ‘किती विश्वास आहे हो यांचा आपल्यावर!’ मला हे पटत नाही. विश्वास तिथं असतो जिथं दगा होऊ शकतो हे माहीत असतं. त्या पिल्लाला ते माहीतच नाही. त्याच्या लेखी मी एक चालतं झुडूप. आपल्याकडं संन्यास घेताना सर्व भूतांना अभय देण्याचा विधी आहे. अभय कोण देतो? जो इजा करू शकतो तो. आणि मागतो कोण? ज्याला भीती आहे तो. इथं मागणाराच नाही. न मागितलेलं अभय द्यायचं आहे, आणि ते मोडलं तर जाब विचारणारंही कोणी नाही. जबाबदारी एकतर्फी असते तेव्हा ती जास्त कडक असते, असं माझं म्हणणं आहे.

ती पाळली नाही तर काय होतं, त्याचं उत्तर कासवं देतात. तिथली महाकासवं अन्नपाण्यावाचून कित्येक महिने तग धरतात. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांना हे कळलं आणि त्यांनी ती जिवंतच तळघरात रचून न्यायला सुरुवात केली, ताज्या मांसासाठी. एक लाखाहून अधिक कासवं अशी गेली असावीत, असा अंदाज आहे. कोणत्या बेटाचं कासव आहे हे पाठीवरून ओळखता येतं, असं तिथल्या अधिकाऱ्यानं डार्विनला सांगितलं होतं. पण बीगल जहाजावर घेतलेली कासवं वाटेत खाल्ली गेली आणि कवचं समुद्रात फेकली गेली. पुरावाच जेवणात संपला!

पिंटा बेटाचं शेवटचं कासव, ‘लोन्सम जॉर्ज’, १९७१ मध्ये सापडलं आणि २४ जून २०१२ रोजी गेलं. एस्पान्योलाची गोष्ट मात्र वेगळी. तिथं फक्त चौदा कासवं उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. त्यांना सांताक्रूझ बेटावर आणलं, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातला एक नर मिळाला, आणि दशकानुदशकं प्रजनन करून हजारो पिल्लं परत सोडली. २०२० मध्ये ती म्हातारी पंधरा कासवंही आपल्या बेटावर परतली.

इथपर्यंत ऐकायला बरं वाटतं. आता अवघड भाग. माणसानं सोडलेल्या शेळ्यांनी बेटं खरवडून काढली होती. कासवांना चारा उरला नव्हता. १९९७ ते २००६ या काळात एका मोठ्या मोहिमेत सांतियागो आणि उत्तर इसाबेला इथल्या एक लाखाहून जास्त शेळ्या मारल्या गेल्या, बऱ्याचशा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. शेवटच्या लपलेल्या शेळ्या शोधायला काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधले. शेळी कळपाशिवाय राहत नाही. ती आपल्या माणसांकडं, म्हणजे आपल्या शेळ्यांकडं जायची, आणि मागून बंदूक यायची.

त्या शेळ्यांचा अपराध काय? काहीच नाही. अहिंसेच्या बाजूनं बोलणारा म्हणेल, निसर्गाला त्याच्या वाटेनं जाऊ द्या, हात लावू नका. पण हात न लावणं हा पर्याय शिल्लकच नव्हता. हात आधीच लागला होता. गप्प बसणं म्हणजे कासवांच्या विरुद्ध मत देणं झालं असतं. माझ्या मते मोहीम योग्य होती. पण योग्य होती म्हणून तिचं ओझं संपत नाही. आपल्या धर्मशास्त्रात अजाणता घडलेल्यालाही प्रायश्चित्त आहे, त्यामागचं शहाणपण मला इथं समजलं. बरोबर वागूनही काही देणं शिल्लक राहू शकतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं. सांख्यांचा पुरुष नुसता पाहतो, करते ती प्रकृती. बोटीच्या कठड्याशी उभ्या पर्यटकालाही वाटतं, मी फक्त साक्षी. पण हा साक्षी विमानानं आलेला असतो, डिझेलवर फिरत असतो, त्याच्या मोज्यात एखादं बी असू शकतं. माणसाबरोबर नकळत आलेल्या एका माशीच्या अळ्या आज घरट्यातल्या पिल्लांचं रक्त शोषतात. खारफुटीत राहणाऱ्या फिंचची एक जात त्यामुळं शंभराच्या आसपास उरलीय. म्हणजे पाहणं हीसुद्धा क्रिया आहे, आणि क्रियेला फळ असतं.

आता श्रोत्यांचे प्रश्न. एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय, ‘मग जाऊच नये का?’

ताई, प्रश्न रास्त आहे, आणि मी स्वतः जाऊन आलोय, तेव्हा तुम्हाला ‘जाऊ नका’ म्हणायचा अधिकार मला कमीच. तीसेक हजार लोकवस्तीच्या या बेटांवर वर्षाला अडीच लाखांहून अधिक पाहुणे येतात. त्यांच्यामुळं धोका आहे, आणि त्यांच्याच पैशावर बरंचसं संरक्षण चालतं. परदेशी प्रौढाला २०२४ च्या ऑगस्टपासून २०० डॉलर प्रवेश शुल्क आहे, आधी १०० होतं. म्हणजे पाहुणे थांबले तर रक्षणही लंगडं होईल. मी एवढंच सांगेन, की जाणाऱ्यानं ‘मी फक्त पाहायला आलोय’ ही सबब घरी ठेवून जावं. नियम मुकाट्यानं पाळावेत, लहान बोट निवडावी, एकदाच जावं. आणि पिल्लू जवळ आलं तर फोटो काढण्याआधी दोन पावलं मागं सरकावं. ते सरकणार नाही.