सर्व्हर सांभाळताना, भाग ७ : फाइलवरचे चुकीचे लेबल

एसई-लिनक्स चालू असलेल्या सर्व्हरवर फाइल कोणाला वाचता येईल हे दोन टप्प्यांत ठरते. आधी मालक, गट आणि इतरांच्या नेहमीच्या परवानग्या तपासल्या जातात. तिथे नकार मिळाला तर पुढचा प्रश्नच येत नाही. होकार मिळाला, की कर्नल फाइलवरचे सुरक्षा-लेबल धोरणाशी ताडून पाहतो. ही दुसरी तपासणी सक्तीची असते. रूटच्या नावाने चालणारी सेवाही तिच्यातून सुटत नाही. अमेरिकेच्या एनएसए या संस्थेने ही व्यवस्था डिसेंबर २००० मध्ये सर्वांसाठी खुली केली, २००३ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून फोनमध्येही पूर्णपणे लागू झाली.

लेबलाचे चार भाग असतात : वापरकर्ता, भूमिका, प्रकार आणि पातळी. बिघाड शोधताना बहुतेक वेळा तिसरा भाग, म्हणजे प्रकार, तेवढाच पाहावा लागतो.

समजा, अकोल्यातील एका महाविद्यालयात निकालाचे पान तयार झाले. ते कर्मचाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये बनवले आणि ‘एमव्ही’ने वेबसाइटच्या फोल्डरमध्ये हलवले. विद्यार्थ्यांना मात्र ‘४०३ फॉरबिडन’ दिसते. परवानग्या ७७७ केल्या तरी फरक पडत नाही, उलट नवा धोका तयार होतो. वऱ्हाडातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली कापसाची गाठ कुठल्याही गोदामात नेली तरी तिच्यावरचा मार्का तोच राहतो. ‘एमव्ही’ने हलवलेल्या फाइलचे लेबलही तसेच राहते. ‘सीपी’ने नवी प्रत तयार होते आणि ती सहसा नव्या फोल्डरचे लेबल घेते. म्हणूनच त्याच फोल्डरमधली एक फाइल उघडते आणि शेजारची उघडत नाही.

‘एलएस -झेड’ ही कमांड दिली की हे लगेच दिसते. इतर पानांवर ‘एचटीटीपीडी_सिस_कंटेंट_टी’ असते आणि निकालाच्या पानावर ‘युझर_होम_टी’. खात्री करायला ऑडिट लॉग पाहावा. ‘एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट’ ही कमांड ताजे नकार दाखवते. नोंदीत ‘एस-कॉन्टेक्स्ट’पुढे मागणाऱ्या सेवेचे लेबल असते, ‘टी-कॉन्टेक्स्ट’पुढे फाइलचे. ही दोन नावे शेजारी ठेवून वाचली की निम्मे निदान झालेच. अशी नोंद मुळीच नसेल तर आधी साध्या परवानग्यांकडे वळावे, कारण पहिल्या टप्प्यावरच नकार मिळाला असेल तर एव्हीसी नोंद होत नाही.

फाइल योग्य जागी असून लेबल चुकले असेल, तर ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’ पुरते. ती कमांड धोरणातल्या यादीत त्या मार्गासाठी लिहिलेले लेबल परत लावते. अडचण येते ती वेबसाइट यादीत नसलेल्या जागी, उदाहरणार्थ ‘/डेटा/निकाल’ येथे ठेवल्यावर. तिथे ‘सीएचकॉन’ने लेबल बदलले की पान उघडते आणि काम झाले असे वाटते, पण पुढे कोणी रिस्टोरकॉन चालवले किंवा पूर्ण सर्व्हरचे पुनर्लेबलिंग झाले की तो बदल पुसला जातो. अशा वेळी ‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट -ए’ने तो मार्ग यादीत कायमचा नोंदवावा आणि मगच रिस्टोरकॉन चालवावे. सीमॅनेज फक्त यादी बदलते, फाइलला हात लावत नाही. दुसरी पायरी विसरणे ही नेहमीची चूक आहे.

पेनड्राइव्हची गोष्ट वेगळी. फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक फाइलचे लेबल साठवायला जागाच नसते, त्यामुळे साऱ्या ड्राइव्हला एकच लेबल मिळते आणि तिथे रिस्टोरकॉनचा उपयोग होत नाही. फाइल सर्व्हरवर ‘सीपी’ने उतरवून घ्यावी.

एसई-लिनक्स काही काळ पूर्ण बंद ठेवले असेल, तर त्या काळात तयार झालेल्या फाइलींवर लेबलच नसते. पुन्हा सुरू करण्यापूर्वी मूळ फोल्डरमध्ये ‘.ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल ठेवून सर्व्हर रीबूट करावा. फाइली जास्त असल्या तर याला बराच वेळ लागतो.

‘ऑडिट-टू-अलाऊ’ नकाराच्या नोंदीवरून नवा नियम बनवून देते, पण लेबलच चुकलेले असेल तर त्या नियमामुळे वेबसेवेला सगळ्यांच्या घरच्या फाइली वाचायची मुभा मिळू शकते. ‘सेटएनफोर्स ०’ने ही सक्ती तात्पुरती थांबवणे कारण तपासण्यापुरते काही मिनिटे चालेल. तपासणी संपताच ‘सेटएनफोर्स १’ करावे आणि ‘गेटएनफोर्स’ने खात्री करून घ्यावी.