सीटी अँजिओ म्हणजे नेमकं काय?

हाताच्या शिरेतून आयोडिनयुक्त औषध सोडतात. ते रक्तवाहिन्यांत पोहोचताच काही सेकंदांत स्कॅन उरकतो. औषध जाताना अंगभर ऊब जाणवते, घाबरू नये. हृदयाच्या तपासणीत नाडी मिनिटाला ६०-६५च्या आत असेल तर चित्र स्वच्छ येतं. म्हणून अनेकांना आधी ठोके मंदावणारी गोळी देतात. मूत्रपिंडाचा आजार, ॲलर्जी, मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, गर्भारपण यांतलं काहीही असेल तर आधीच सांगा. वाहिनीत कॅल्शियम फार साचलेलं असलं, की अडथळा आहे त्याहून मोठा दिसू शकतो. तेव्हा अहवालातल्या अडथळ्याच्या नुसत्या टक्केवारीने हादरून जाऊ नका. दर वेळी सीटी अँजिओच लागते असं नाही. पायातली रक्ताची गुठळी शोधायला बहुधा डॉपलर सोनोग्राफी पुरते, आणि तिच्यात क्ष-किरण नसतात. स्टेंट बसवायचा तर मात्र मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून केलेली अँजिओग्राफीच लागते.