चौकट : ढिगारा उपसल्यानंतरचा मानसिक आधार

- भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरच्या परिसरातल्या दोन दुर्घटना : 21 सप्टेंबर 2020, भिवंडीत पहाटे जिलानी इमारत कोसळली, सुमारे 40 मृत्यू. 29 एप्रिल 2023, वळपाड्यात गोदामाची इमारत कोसळली. एकाला दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर काढले.
- मानसिक प्रथमोपचार : जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका, 2011. पाहा, ऐका, जोडून द्या ही तीन पावले. आधी पाणी, निवारा, नातेवाइकांचा ठावठिकाणा, मग बोलणे. प्रशिक्षित शेजारी, शिक्षक, आशाताईही हे करू शकतात. ‘नेमके काय घडले?’ असे खोदून विचारू नये. ‘विसरून जा’ हेही नको.
- समुपदेशन वेगळे : ते प्रशिक्षित समुपदेशकाचे काम.
- दचकणे, झोप उडणे, भिंतीला तडा दिसताच धडकी भरणे : पहिल्या काही दिवसांत स्वाभाविक. बहुतेकांचा त्रास हळूहळू ओसरतो. महिन्याहून अधिक टिकून रोजचे जगणे अडले, तर आघातोत्तर ताणविकाराची तपासणी आवश्यक. बचाव पथकातल्यांनाही या विकाराचा धोका असतो. त्यांच्याकडे लक्ष देणे बहुधा राहून जाते.
- तपासणी-उपचारांसाठी : ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय, 1901 पासूनचे.
- टेलिमानस, म्हणजे दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याची सरकारी मदतसेवा : 10 ऑक्टोबर 2022 पासून. मोफत, चोवीस तास, मराठीतही. क्रमांक 14416.