दोन मापे : मालिकांतील आईबाप आणि त्यांची गुपिते

संध्याकाळ झाली की आपल्या नाशिकच्या घराघरांतून मालिकांच्या शीर्षकगीतांचे सूर ऐकू येऊ लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात, बसमध्ये, कचेरीत डबा खाताना त्याच मालिकांवर खटले सुरू होतात. खटला हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. त्यात आरोपी असतो, वकील असतात आणि निकाल तर हटकून असतो. “तिने मुलापासून एवढी मोठी गोष्ट लपवायला नको होती,” असे एक बाई म्हणतात, “आणि त्याने लपवली ती चालली होय?” असे दुसऱ्या बाई विचारतात. विद्वान मंडळींना हा रिकाम्या वेळेचा उद्योग वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. आईबापपण आणि त्याभोवतीची गुपिते यांवर घराघरांत एवढ्या मोकळेपणाने दुसरीकडे कुठेच बोलले जात नाही. स्वतःच्या घराविषयी जे बोलता येत नाही ते पात्रांच्या नावाने बोलता येते. म्हणून हे खटले नीट कसे चालवावेत, याचा थोडा विचार करू.

या वादांचे मूळ दुटप्पीपणात असते. घेताना एक माप आणि देताना दुसरे, अशा वाण्याला आपण लबाड म्हणतो. नीतीच्या बाजारातही अशी दोन मापे वापरली जातात. फक्त ती वापरणाऱ्याला बहुधा त्यांचा पत्ता नसतो.

‘आई कुठे काय करते’ या २०१९ च्या डिसेंबरात सुरू होऊन २०२४ पर्यंत चाललेल्या मालिकेचे उदाहरण घ्या. अनिरुद्ध लग्नाच्या बायकोपासून संजनाशी असलेले संबंध वर्षानुवर्षे लपवून ठेवतो. पुढे घटस्फोट होतो आणि तो संजनाशी लग्न करतो. कालांतराने अरुंधती आशुतोषशी उघडपणे, सर्वांना सांगून लग्न करावयास निघते, तेव्हा मात्र ‘या वयात? मुले मोठी झाल्यावर?’ असा प्रश्न घरातच उभा राहतो. मुले दोघांचीच आणि वयेही जवळपास सारखीच. लपवून केलेले एकाला पचले, सांगून केलेले दुसरीला जड गेले. असे का, यावर प्रेक्षकांनी जो वाद घातला तो अगदी योग्य होता.

याहूनही बोलके उदाहरण ‘रंग माझा वेगळा’ या २०१९ ते २०२३ मधल्या मालिकेत सापडते. आपल्याला मूल होणे शक्य नाही, या खोट्या समजापायी कार्तिक दीपाच्या पोटातले मूल आपले मानावयास तयार होत नाही. दीपाला जुळ्या मुली होतात. त्यांतील एकीला दीपा एकटी वाढवते; दुसरीला सासू सौंदर्या गुपचूप घरी आणते आणि कार्तिक तिला दत्तक समजून जीव लावतो. म्हणजे एकाच आईच्या एकाच वेळी जन्मलेल्या दोन मुलींपैकी एक, परकी असे समजूनही, त्याला लाडकी होते, आणि दुसरी, परकी असे समजल्यामुळेच, त्याला नकोशी होते. रक्ताचे नाते नाही हा समज दोहोंकडे सारखाच आहे. मग फरक कशाचा? एकीत त्याचे औदार्य दिसते, तर दुसरीत त्याचा अपमान. तेव्हा प्रश्न मुलीचा नव्हताच, मानाचा होता.

ही युक्ती मालिकालेखकांनी शोधून काढली असे मात्र कोणी समजू नये. महाभारतातील दुष्यंत भरल्या सभेत शकुंतलेला ओळख देत नाही. त्याला सारे आठवत असते, तरी तो नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावरच मुलाचा स्वीकार करतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी घातली. काव्य अपूर्व झाले, यात शंका नाही. पण बापाचा नकार त्याचा दोष न राहता विस्मरण ठरला, हेही तितकेच खरे. याच कथेवर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आजच्या मालिकेत अपघात होऊन नायकाची स्मृती जाते, तेव्हा दुर्वासच वेष पालटून आला आहे, असे समजावयास हरकत नाही.

गुपिताची खरी किंमत पाहावयाची असेल तर कुंतीकडे वळावे लागेल. आपल्या गावाचे वि. वा. शिरवाडकर यांनी १९५३ साली ‘कौंतेय’ लिहिले, तर याच गावी महाविद्यालयात शिकविणारे वसंत कानेटकर यांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली रंगभूमीवर आले. पहिल्याचा विषय कर्ण, दुसऱ्याचा सत्यवती. मूळ महाभारतात या दोन कथा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे चकित व्हावयास होते. सत्यवतीलाही लग्नाआधी मुलगा झाला होता, तो म्हणजे व्यास. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला आणि वंश खुंटण्याची वेळ आली, तेव्हा तिने ही गोष्ट भीष्माला सांगितली. भीष्माने तिला दोष दिला नाही. व्यासाला बोलावण्यात आले आणि कुरुकुळ पुढे चालले. त्याच घरात तिची नातसून होऊन आलेली कुंती आपल्या कौमार्यातील मुलाविषयी अवाक्षर काढू शकली नाही. एकीचे गुपित घराच्या गरजेला आले म्हणून त्याचे वरदान झाले. दुसरीच्या गुपिताची घराला गरज नव्हती म्हणून ते कलंक राहिले. घराने दोघींना लावलेली मापे ही अशी निराळी.

पुढे काय झाले ते आपण जाणतोच. रंगमंडपात कर्णाला त्याचे कुळ विचारले जाते आणि तो मान खाली घालतो. उत्तर ठाऊक असलेली आई तिथेच असते, ती मूर्च्छित होते. युद्ध संपून तर्पणाची वेळ आल्यावर कुंती खरे सांगते, आणि युधिष्ठिर सगळ्या स्त्रीजातीला शाप देतो, की यापुढे तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. पण ही गोष्ट कृष्णाला ठाऊक होती, भीष्माला ठाऊक होती, आणि युद्धापूर्वी स्वतः कर्णालाही कळली होती. युधिष्ठिराला न सांगणारे चौघे होते. शाप मात्र बायकांना. आणि सूर्याचे तर कोणी नावही घेतले नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकातही हेच आहे. लग्नावाचून आई होऊ घातलेल्या बेणारेबाईंवर खेळातला खटला खऱ्यासारखा चालतो. मुलाचा बाप प्राध्यापक दामले मात्र रंगमंचावर येतच नाही.

कायद्याचे मापही फार काळ एकसारखे नव्हते. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याने लग्नातून झालेल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असे ठरविले. लग्नाबाहेरच्या मुलाला मात्र आधी आई, मग बाप. म्हणजे प्रतिष्ठा असेल तिथे बाप पहिला आणि लोकनिंदा असेल तिथे आई पहिली! १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’ शब्दाचा अर्थ व्यापक केला. बाप हयात असला तरी तो मुलाकडे पाहत नसेल तर आई पालक होऊ शकते, असे सांगितले. एका बाबतीत मात्र कायद्याने प्रारंभापासून मोठे शहाणपण दाखविले आहे. कायदेशीर विवाह चालू असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच मानावे, पतिपत्नींना एकमेकांच्या सहवासाची संधीच नव्हती असे सिद्ध झाल्यासच ते अमान्य करावे, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. नवराबायकोच्या भांडणात मुलाच्या माथी शिक्का बसू नये, हा त्याचा हेतू. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव आवश्यक झाले, हेही त्याच दिशेचे पाऊल होय.

आता मालिकांकडे परत येऊ. रोज एक भाग दाखवावयाचा तर गुपितासारखे स्वस्त सरपण नाही. आपल्याला सारे माहीत असते, पात्राला नसते. आता कळेल, मग कळेल, म्हणत आपण बसून राहतो. खरे सांगण्याच्या क्षणी फोन वाजतो, दार उघडते, कोणाला तरी घेरी येते. टीआरपीचे आकडे पडू नयेत म्हणून पात्रांना मुके ठेवावे लागते. या मुकेपणाचा दोष सगळाच पात्राच्या स्वभावावर घालणे न्यायाचे नाही. शिवाय जिचे अश्रू आपण जवळून पाहिले तिचे गुपित आपल्याला मजबुरी वाटते आणि जिला खलनायिकेची टिकली लावली तिचे तेच गुपित कारस्थान. माप बदलते ते कॅमेऱ्याच्या अंतराने.

मग न्याय करावा कसा? आमच्या मते तीन प्रश्न पुरतात. पहिला : नावांची अदलाबदल केली, बापाच्या जागी आई, सासूच्या जागी सून ठेवली, तर आपला निकाल तोच राहतो का? दुसरा : हे गुपित लपविणाऱ्याला भय कशाचे होते? सारखे माप म्हणजे सारखी शिक्षा नव्हे. लोकनिंदेला भ्यालेली अविवाहित कुंती आणि घराची सूत्रे हाती असलेली सौंदर्या यांनी मुलाविषयीचे सत्य लपविले हे एकच. पण एकीला बोलण्याने सर्वस्व जाण्याचे भय होते, दुसरी घर आपल्या मनाप्रमाणे चालवू पाहत होती. हे भय आणि ही सत्ता तागडीत घातलीच पाहिजे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि वादात तोच बहुधा राहून जातो : या मौनाची किंमत कोण भरीत आहे? कुंतीच्या मौनाची किंमत कर्णाने भरली, कार्तिकच्या मानाची किंमत कार्तिकीने. आईबाप एकमेकांची उणीदुणी काढतात आणि आपणही त्यांतील एकाचा पक्ष घेतो. ज्याला काहीच सांगितले गेले नाही त्या मुलाचा वकील या खटल्यात कोणी होत नाही.

आणि हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. मालिका पाहताना आपल्या शेजारी घरातली मुलेमुली बसलेली असतात. पडद्यावरच्या एखाद्या मुलीच्या हातून चूक झाली की आजी काय म्हणते, तशीच चूक मुलाने केली की बाबा काय म्हणतात, हे ती निमूटपणे ऐकत असतात. उद्या त्यांच्यावर अवघड प्रसंग आला तर घरी सांगावे की लपवावे, याचा हिशेब तेव्हाच मनात होत असतो. “असल्या मुलीला घरात घेता कामा नये” असे सोफ्यावर बसून सहज उच्चारलेले वाक्य त्या मालिकेतल्या मुलीपर्यंत कधीच पोहोचत नाही. शेजारी बसलेल्या मुलीपर्यंत मात्र पोहोचते. तेव्हा उद्या संध्याकाळी खटला जरूर चालवावा, कडाडून वाद घालावा. फक्त निकाल देण्यापूर्वी तो कोण ऐकत आहे, तेवढे एकदा वळून पाहावे.