प्रमादाचा हिशेब

इंग्लंडमध्ये वकिलीच्या व्यवसायाच्या दोन शाखा आहेत. पक्षकाराला प्रथम भेटून कागदपत्रे जमविणारा तो सॉलिसिटर. गुंतागुंतीच्या प्रश्नावर लेखी मत देणारा आणि न्यायासनापुढे बाजू मांडणारा तो बॅरिस्टर. काही बॅरिस्टर वैद्यकीय हलगर्जीपणा, शारीरिक इजा आणि नोकरीतील वाद या तीन क्षेत्रांतच काम करतात. वरवर पाहता हे विषय वेगवेगळे वाटतात. परंतु त्यांतील बहुतेक दाव्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: ज्याच्या हाती दुसऱ्याचे हित होते, त्याने योग्य ती काळजी घेतली का?

हा प्रश्न जैन वाचकाला परका नाही. आचार्य उमास्वामींनी (उमास्वातींनी) तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवले आहे. इजा करण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने असावधपणाचा दोष धुऊन जात नाही. हलगर्जीपणाचा इंग्रजी कायदाही हेतू शोधत बसत नाही. तो सावधानता तपासतो.

वैद्यकीय दाव्यांत 1957 च्या बोलम निकालाने असे ठरविले की, जबाबदार तज्ज्ञांच्या एखाद्या वर्गाला मान्य असलेली पद्धत अनुसरणारा डॉक्टर दोषी ठरत नाही. 2015 च्या माँटगोमेरी निकालाने रुग्णाचा अधिकार पुढे आणला. मधुमेही आणि लहान चणीच्या मातेच्या प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका 9 ते 10 टक्के होता. तो तिला सांगितला गेला नाही आणि बाळाला जन्मतःच गंभीर अपंगत्व आले. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे धोके व पर्याय सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. भरपाई 52 लाख 50 हजार पाउंड झाली.

व्यापारी कुटुंबांनी मनन करावे असा निकाल 1937 चा आहे. स्कॉटलंडमधील कोळशाच्या खाणीत पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार, ओढयंत्र सुरू झाल्याने चिरडला गेला. सुरक्षेची व्यवस्था आपण जाणकार व्यवस्थापकाकडे सोपविली होती, असे मालकांचे म्हणणे होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते नाकारले. लायक माणसे, योग्य साधने आणि कामाची सुरक्षित पद्धत पुरविणे हे मालकाचे स्वतःचे कर्तव्य होय. काम दुसऱ्याला सांगता येते, दायित्व झटकता येत नाही. मुनीमजींवर भार टाकून पेढीचे शेठ मोकळे होत नाहीत, हाच त्याचा अर्थ.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक आहे. बैल आणि हमाल यांच्या संदर्भात तो सहज समजतो. मनावरच्या ओझ्याचे काय? 1990 च्या दशकात एका इंग्रज न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. बालसंरक्षणाच्या कामाखाली खचलेला एक अधिकारी आजारातून बरा होऊन परतला. देऊ केलेली मदत काढून घेतली गेली आणि तो पुन्हा कोसळला. पहिल्या आजाराचे दायित्व स्थानिक परिषदेवर आले नाही. दुसऱ्याचे मात्र आले, कारण आता धोका दिसत होता.

अशा दाव्यात बॅरिस्टर अपघाताची नोंदवही, प्रशिक्षणाचे कागद, रजेचे अर्ज आणि पत्रव्यवहार बारकाईने पाहतो. टॅक्सीच्या रांगेवरून नाव पडलेल्या नियमानुसार, आपल्या क्षेत्रातील योग्य काम त्याला पक्षकार आवडत नाही म्हणून नाकारता येत नाही. त्यामुळे आज जखमी कामगाराची बाजू मांडणारा उद्या मालकाच्या बाजूने उभा असतो. इजेचा दावा सामान्यतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो. 1969 च्या कायद्याने तेथील बहुतेक मालकांना कामगारांच्या इजेचा विमाही सक्तीचा आहे. त्याचे किमान संरक्षण 50 लाख पाउंडांचे असते.

विमा पैसे भरून देतो. गेलेला हात परत देत नाही. न्यायालयाचे काम इजा झाल्यावर सुरू होते, श्रावकाची जयणा मात्र तिच्या आधी. वखारीतील सैल शिडी, उघडी तार, थकलेला गुमास्ता यांच्याकडे वेळीच गेलेली मालकाची नजर हा पेढीचा धर्म आहे आणि तिचा खरा विमाही.