सिन्नर तालुक्यातील ग्रामनामे : एक भाषिक विचार

नाशिक जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेला सिन्नर तालुका अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर व कोपरगाव या तालुक्यांस लागून आहे. येथील ग्रामनामांचा विचार प्रथम तालुक्याच्या मुख्य गावापासून करणे इष्ट होय.

यादव राजा सेउणचंद्र याने वसविलेल्या सेउणपुराचा अपभ्रंश म्हणजे सिन्नर, असे पुष्कळदा सांगितले जाते. ध्वनिपरिवर्तनाच्या कसोटीस ही व्युत्पत्ती उतरत नाही. स्वरानंतरच्या 'पुर' मधील पकार लोपून 'ऊर' उरतो, आणि हा 'ऊर' मराठीत टिकतो; याच तालुक्यातील नांदूर शिंगोटे व विंचूर दळवी ही नावे पाहावीत. शिवाय 'सेउण' मधील एकेरी णकारापासून 'न्न' कसा व्हावा, हे सांगता येत नाही. उलट शके ९९१ (इ. स. १०६९) च्या यादव ताम्रपटात 'सिंदीनेर' हे रूप आढळते. त्यातील 'नेर' हा 'नगर' शब्दाचा प्राकृतातून झालेला अवशेष असून, सीमेपलीकडील संगमनेर व त्याही पुढील पारनेर या नावांत तो स्पष्ट दिसतो. मधला ईकार लोपला, दकार नकारात मिसळला आणि 'सिन्नेर' झाले. द्वित्तानंतरचा एकार पुढे दुर्बळ झाला असावा. जुन्नर या नावाची घडणही अशीच दिसते.

प्राकृतातील 'सिंदी' म्हणजे खजुरीचे झाड. हा अर्थ घेतल्यास सिन्नर हे नाव निमगाव, वडगाव, बारागाव पिंप्री या आपल्याच परिसरातील गावांच्या पंक्तीस बसते. राजाचे नाव धारण करणारे सेउणपुर लोकांच्या तोंडून गेले, झाडाचे नाव राहिले.

झाडे सर्वत्र असल्याने अशी नावे वारंवार येतात व भेददर्शक पद जोडावे लागते. निमगाव-सिन्नर आणि निमगाव देवपूर हे भेद शेजारच्या गावावरून झाले. दोडी, पाथरे व मऱ्हळ यांच्या जोड्यांत मात्र फारसी दप्तराची बुद्रुक व खुर्द ही पदे आहेत. 'बुजुर्ग' चे 'बुद्रुक' होताना जकाराचा दकार, रेफाचे स्थानांतर व अंत्य गकाराचा ककार असे तीन बदल घडले; 'खुर्द' जवळजवळ जसाच्या तसा राहिला. आज खुर्दाची वस्ती बुद्रुकाहून अधिक झाली, तरी नावे बदलत नाहीत. म्हणून या पदांवरून गावाच्या सद्यःस्थितीचे अनुमान करू नये.